आमच्या हौदातली थोरली गप्पी नर पसंत करते की नुसतीच पळते?

हौदवाला · औसा · १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, हसायचं नाही.

आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसाला. म्हणून हौद, टाकी, बॅरल, घागर, जे दिसंल ते भरून ठेवायची सवय. साठलेल्या पाण्यात डास होणारच. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा, एक आरोग्यसेवक आले. प्लास्टिकच्या पिशवीतले दहा-बारा गप्पी मासे हौदात सोडले आणि "ह्यांना वरून काही घालू नका, अळ्या खाऊन जगतील" म्हणून गेले. तेव्हापासून त्यांच्या किती पिढ्या झाल्या देव जाणे.

यंदा हौदाला तडा गेला. गवंडी यायच्या आधी मासे काढून दुकानातल्या जुन्या काचेच्या पेटीत ठेवले (मोबाईलची कव्हरं मांडायची पेटी होती, कडांना सिलिकॉन मारला). इतक्या वर्षांत हे मासे पहिल्यांदा बाजूनं बघितले. वरून नुसत्या काळ्या काड्या दिसतात हो! बाजूनं बघितलं तर नरांच्या अंगावर एकेक नक्षी.

माझ्या सातवीतल्या पोरीनं नावं ठेवलीत. शेंदरी ठिपक्याचा तो शेंद्र्या, काळ्या ठिपक्यांचा टिकल्या, फाटक्या शेपटीचा लक्तऱ्या आणि एक अगदी फिका, तो ताक्या. मादी मोठी, राखाडी, अंगावर रंग म्हणून नाही. ती थोरली.

आता प्रश्न. चारी नर दिवसभर थोरलीच्या मागं, आणि ती पळूलालीय. पण शेंद्र्या समोर येऊन अंग वाकडं करून थरथरला की ती थांबते. कधी कधी त्याच्याकडं सरकते पण. पोरगी म्हणते, "पप्पा, ती त्यालाच पसंत करूलालीय." मी म्हणलं, माशाला कुठलं आलंय पसंत-नापसंत. खरं काय आहे?

टिवल्या_बावल्या · नांदेड · १२ एप्रिल, रात्री ९:५२

माशांचा वधू-वर मेळावा! शेंद्र्या शेती करतंय म्हणून कळालं की थोरली त्याच्यापासून पण पळतंय बघा. ताक्याला सरकारी नोकरी हाय का विचारून घ्या.

शेवाळ · परभणी · १२ एप्रिल, रात्री १०:३०

हौदवाले दादा, मुलीला शाबासकी द्या. तिला जे दिसलं तेच प्राणिशास्त्रात शिकवायला मला आठवडा लागतो.

मादी निवडते. गप्पी हा तर या विषयातला सगळ्यात जास्त अभ्यासलेला मासा. मूळचा तो दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग आणि शेजारच्या त्रिनिदाद बेटावरचा. तिथल्या रॉबर्ट गप्पी नावाच्या हौशी अभ्यासकाच्या नावावरून १८६६ मध्ये त्याला हे नाव पडलं. आपल्या गप्पांशी त्याचा संबंध नाही, हे दर वर्षी वर्गात सांगावं लागतं.

नर समोर येऊन अंग वाकवतो म्हणालात ना? नीट बघा, आपल्या अवग्रहाच्या चिन्हासारखा होतो, असा: ऽ. तसाच थरथरत राहतो. ही त्याची मागणी. मादी सरकली तर होकार, वळून गेली तर नकार. आणि शेंदरी ठिपक्याला भाव का, तर तो रंग माशाला स्वतःच्या शरीरात पूर्णपणे तयार करता येत नाही. गाजराला, पिकल्या पपईला जे रंगद्रव्य रंग देतं त्याच जातीचं द्रव्य शेवाळातून, किड्यांतून, पाण्यात पडलेल्या फळांतून खाऊन मिळवावं लागतं. म्हणजे ठिपका गडद असला तर गडी चरायला हुशार आणि अंगानं धड. नक्षी कुठे उमटणार हे बापाकडून येतं, ती किती गडद होणार हे बरंचसं पोटावर.

शंकासूर · धाराशिव · १२ एप्रिल, रात्री ११:०५

ताई, आदर ठेवून विचारतो. मादीला रंगद्रव्य, तब्येत, वंश हे सगळं कळतं? हे आपण माणसाचं माशावर लादतोय असं नाही का वाटत? शेंदरी ठिपका डोळ्यात भरतो, ती थांबते. एवढंच असेल.

शेवाळ · परभणी · १३ एप्रिल, सकाळी ६:५०

शंकासूर, तिला काहीही "कळत" नाही. मोरणीला तरी कुठे कळतं? भूक लागल्यावर आपण पिकलेला आंबा उचलतो, त्यातल्या साखरेचा हिशेब करून नाही. ज्यांच्या पूर्वजांना पिकलं फळ गोड लागलं ते जगले, आपण त्यांचे वंशज. थोरलीचंही तसंच. ज्या माद्या गडद ठिपक्यापाशी थांबल्या त्यांची पिल्लं जास्त तगली असतील, तर ती "थांबण्याची" ओढ पुढे आली.

पण तुमच्या शंकेत दम आहे. १९९० मध्ये अलेक्झांड्रा बसोलो या संशोधिकेने प्लॅटी जातीच्या नरांना प्लास्टिकची लांब तलवार शेपटीला जोडली. प्लॅटीच्या नरांना तलवार नसतेच, ती त्यांच्या चुलत जातीला, स्वोर्डटेलला असते. तरी प्लॅटीच्या माद्या तलवारवाल्याकडे जास्त रेंगाळल्या. म्हणजे आवड आधीपासून होती, दागिना त्यांच्या नरांकडे आलाच नव्हता. अशा ठिकाणी "तब्येतीची खूण" हे उत्तर पुरत नाही. तुमचं "डोळ्यात भरतं, एवढंच" हेच खरं ठरतं.

रंगीत_टाकी · छत्रपती संभाजीनगर · १३ एप्रिल, सकाळी १०:१५

प्लॅटी, स्वोर्डटेल दोन्ही माझ्या दुकानात आहेत. एका टाकीत ठेवले की सर्रास संकर होतो, हे आम्हाला पुस्तकाशिवाय माहीत आहे.

हौदवाले, एक बदल लगेच करा. एका मादीमागं चार नर म्हणजे तिचा जीव घ्याल. गप्पी ठेवायचे तर एका नरामागं दोन-तीन माद्या. हौदातून आणखी माद्या काढून टाका पेटीत.

जोगाईची_लेक · अंबाजोगाई · १३ एप्रिल, दुपारी २:२०

बरं झालं कुणीतरी बोललं. कालपासून वाचतेय. सगळे "पसंती, पसंती" करताय आणि थोरली दिवसभर पळतेय हे कुणाच्या हिशेबातच नाही. चौघांपासून जीव वाचवत फिरायचं, आणि त्यातल्या एकासमोर क्षणभर थांबली की म्हणायचं हिने निवड केली. आमच्याकडे पण असंच म्हणायचे, "पोरीला विचारलंय की, ती नाही कुठं म्हणाली?"

शेवाळताई, यावर तुमच्या पुस्तकात काही आहे का?

शेवाळ · परभणी · १३ एप्रिल, रात्री ९:१०

आहे, आणि ते मी आधीच सांगायला हवं होतं.

नराकडे दोन वाटा असतात. एक ती ऽ ची मागणी. दुसरी म्हणजे मागून येऊन, मादीचं लक्ष नसताना, पोटाखालच्या सुईसारख्या परानं थेट झोंबणं. या दुसऱ्या प्रकाराला तिची संमती नसते. शिकारी मासे जास्त असलेल्या पाण्यात हे चोरटे प्रकार वाढतात, कारण समोर उभं राहून थरथरणं म्हणजे शिकाऱ्याला आवतण. त्रिनिदादमध्ये असंही दिसलं की नरांचा जाच टाळायला माद्या धोक्याच्या, शिकारी असलेल्या पाण्यात जातात. भडक नर तिथे मागे येत नाहीत.

बरं, झोंबून काम झालं तरी डाव संपत नाही. मादी नराचं बीज पोटात महिनोन्‌महिने साठवून ठेवते. तिला आवडलेल्या नराशी संग झाला तर त्याचं बीज जास्त आत जातं, हेही प्रयोगात मोजलेलं आहे. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असतात. म्हणून निवड डोळ्यांनी सुरू होते आणि पोटात चालू राहते.

जोगाईची_लेक · अंबाजोगाई · १३ एप्रिल, रात्री ९:२५

वा. आता थोरली मला जास्त आवडायला लागली.

नाथसागरचा_भोई · पैठण · १४ एप्रिल, सकाळी ७:३०

रामराम. आम्ही पिढीजात भोई, पुस्तक कमी, जाळं जास्त. चिलापीचं सांगतो.

उन्हाळ्यात नाथसागर मागं सरकला की उघड्या पडलेल्या गाळावर गोल गोल खळगे दिसतात. परातीएवढे, शेजारी शेजारी, जणू कुणी ओळीनं जेवायला बसलं होतं. नवख्या माणसाला वाटतं गुरांचे पाय. ते चिलापीच्या नरांनी तोंडानं माती काढून केलेले खळगे. पाणी असतं तेव्हा प्रत्येक नर आपल्या खळग्यावर राखण करतो, दुसरा आला की धावून जातो. मादी वरून फिरते. ह्याच्यावर थांबली, त्याच्यावर थांबली, नाही पटलं, गेली पुढं. पटलं तिथं अंडी टाकते आणि लगेच तोंडात उचलते. मग नराचा संबंध संपला. खळग्यात पिल्लू वाढत नाही, सगळं आईच्या तोंडात. जाळ्यातून चिलापीची मादी काढली की तोंडातून बारकी पिल्लं सांडतात, ते बघून आमची आई जाळ्यातली चिलापी परत पाण्यात टाकायची. आम्ही टाकत नाही, खोटं कशाला बोलू. चिलापीनं बाकीचे मासे कमी केलेत.

शेवाळ · परभणी · १४ एप्रिल, सकाळी ८:४०

भोईदादा, तुम्ही जे सांगितलं ते माझ्या विद्यार्थ्यांना पाठवते. मोझांबिक चिलापी आपल्या देशात १९५२ मध्ये आणली गेली. तिच्यात आणखी एक गंमत आहे. खळग्याचा मालक असलेला नर पाण्यात लघवी सोडून आपला दरारा कळवतो. वरचढ नराच्या लघवीतल्या द्रव्यांचा वास तीव्र असतो, मादी तो ओळखते. म्हणजे ती खळग्यावर "थांबली" ती नुसतं बघायला नाही.

टिवल्या_बावल्या · नांदेड · १४ एप्रिल, सकाळी ८:४४

सकाळी सकाळी पोहे खायलोय ताई.

नाथसागरचा_भोई · पैठण · १४ एप्रिल, दुपारी १:०५

दुसरं सांगायचं राहिलं. रोहू, कटला, मृगळ ह्यांची बातच निराळी. ते साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत. मृगाचा, आर्द्राचा पाऊस पडून नदीला लोंढा आला, पाणी गढूळ होऊन पसरलं, की ते धारेविरुद्ध चढतात. तिथं गर्दीत अंडी-बीज एकदमच. त्यात निवड कुठली आली?

आणि मत्स्यबीज केंद्रात तर निवड माणसाची. मी दोन हंगाम मजुरीला होतो. पोट फुगलेली मादी आपण बघायची, पोट दाबलं की दुधासारखं येणारा नर आपण बघायचा, दोघांना इंजेक्शन द्यायचं, एका मादीमागं दोन नर धरून गोल टाकीत सोडायचे, वरून फवारा. रात्रीतून अंडी. तीन-चार दिवसांनी कापडातून जिरे, म्हणजे अंड्यातून निघालेली बारकी पिल्लं, मोजायचे.

शेवाळ · परभणी · १४ एप्रिल, रात्री ८:००

हे इंजेक्शन म्हणजे १० जुलै १९५७ ची देणगी. हिरालाल चौधरींनी ओडिशात माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून बांधलेल्या पाण्यात अंडी काढून घेतली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. तोवर बीज नदीतून गोळा करावं लागायचं आणि त्यात कुठल्याही जातीची भेसळ. आज मराठवाड्यातल्या पाझर तलावांत, शेततळ्यांत जे रोहू-कटला दिसतात ते त्या इंजेक्शनाच्या कृपेनं. फक्त मादीला निवडीची मुभा राहिली नाही. निवडलेले मोजके नर-मादी पिढ्यान्‌पिढ्या वापरत राहिलं तर बीज कमजोर होतं, म्हणून जाणती केंद्रं नदीतले नवे मासे आणून मिसळतात.

हौदवाला · औसा · २० एप्रिल, रात्री १०:१०

आठवडाभर लिहिलं नाही कारण घरात प्रयोगशाळा झालीय. बायकोनं स्वयंपाकघराचा एक कोपरा सोडलाय, तोही अटींवर.

पाण्याच्या दोन पारदर्शक बाटल्या कापून पेटीच्या दोन टोकांना उभ्या केल्या. एकीत शेंद्र्या, एकीत ताक्या. थोरली मधे मोकळी. पोरगी मोबाईलवर वेळ लावून दहा मिनिटं बसते, थोरली कुठल्या बाटलीजवळ किती वेळ ते लिहिते.

पहिल्या दिवशी थोरली सात मिनिटं शेंद्र्याजवळ. आम्ही खूष.

दुसऱ्या दिवशी बाटल्यांच्या जागा बदलल्या. थोरली परत त्याच टोकाला, म्हणजे आता ताक्याजवळ! पोरगी रडायला आली. मग लक्षात आलं, त्या टोकाला खिडकी आहे. बाईसाहेब उजेडाला बसल्या होत्या.

शंकासूर · धाराशिव · २० एप्रिल, रात्री १०:२२

याच्यासाठी मी तुमच्या पोरीला सलाम करतो. जागा बदलून बघणं हे भल्याभल्यांना सुचत नाही. खिडकीला पडदा लावा, आणि दर खेपेला बाटल्या अदलाबदल करा. आणि कुठला नर कुठे आहे हे वेळ मोजणाऱ्याला ठाऊक नसेल तर अजून उत्तम, पण ते घरात जमायचं नाही.

शेवाळ · परभणी · २० एप्रिल, रात्री १०:४०

आणि वेळ पाळा. गप्पी नर पहाटेच्या आणि संध्याकाळच्या मंद उजेडात जास्त मागणी घालतात. भर दुपारी शिकारी माशाला ते फार लांबून दिसतात, म्हणून ही रीत.

ही वेळेची गोष्ट ज्यानं अभ्यासली त्या जॉन एंडलर या संशोधकाचं जुनं काम सांगायलाच हवं. त्रिनिदादच्या ओढ्यांत वरच्या अंगाला, धबधब्यांच्या पलीकडे, मोठे शिकारी मासे चढू शकत नाहीत. तिथले गप्पी नर भडक. खालच्या पाण्यात शिकारी भरपूर, तिथले फिके, बारक्या ठिपक्यांचे. एंडलरने खालचे गप्पी उचलून वरच्या एका ओढ्यात सोडले, जिथे आधी गप्पी नव्हते. दोनेक वर्षांत त्यांचे वंशज भडक झाले. १९८० मध्ये हे छापून आलं. एकीकडून मादी रंग ओढते, दुसरीकडून शिकारी रंग खातो, आणि ठिपका या दोघांच्या मधे कुठेतरी ठरतो. हौदवाले, तुमच्या हौदात शिकारी कोण?

हौदवाला · औसा · २० एप्रिल, रात्री १०:५१

हौदात कोण असणार? मधून मधून एक खंड्या येऊन बसतो भिंतीवर. बाकी आमची आजी, तांब्यात मासा आला की ओरडते.

हौदवाला · औसा · २ मे, रात्री ९:३०

पडदा लावला, अदलाबदल केली, सकाळी सहाला. सहा खेपा झाल्या. चारदा शेंद्र्या, एकदा ताक्या, एकदा थोरली मधेच बसून राहिली.

शंकासूर · धाराशिव · २ मे, रात्री ९:४५

नाणं सहा वेळा उडवा, चारदा छापा पडणं काही विशेष नाही. अजून खेपा करा. आणि एकच थोरली नको, निदान सात-आठ माद्या हव्यात. एका बाईच्या आवडीवरून जातीची आवड ठरत नाही.

हौदवाला · औसा · ९ मे, रात्री ९:१५

सात माद्या केल्या, प्रत्येकीच्या चार खेपा. सुट्टी असल्यामुळं जमलं. २८ पैकी १९ खेपांत शेंद्र्याजवळ जास्त वेळ. पोरगी म्हणते झालं सिद्ध. तुमचं नाव काढलं की ती आता दात खाते, शंकासूर.

शंकासूर · धाराशिव · ९ मे, रात्री ९:३१

तिला सांगा, मी अर्धा हरलो. अर्धा यासाठी की दोनच नर आहेत. शेंद्र्या रंगानं आवडला की चपळ आहे म्हणून, हे यातून कळत नाही.

शेवाळ · परभणी · ९ मे, रात्री ९:५०

रंग आणि चपळाई वेगळी करायची युक्ती आहे. युरोपातल्या पाण्यात स्टिकलबॅक नावाचा मासा असतो, पाठीवर तीन काटे. विणीच्या दिवसांत नराचा गळा-पोट लाल होतं, तो घरटं बांधतो. १९९० मध्ये मिलिन्स्की आणि बॅकर यांनी दाखवलं की माद्या जास्त लाल नराकडे जातात, आणि परोपजीवी लागला की नराचा लाल रंग उतरतो. मग त्यांनी तेच मासे हिरव्या उजेडात दाखवले. हिरव्यात लाल दिसत नाही. पसंती नाहीशी झाली. नर तेच, त्यांची चपळाई तीच.

तुमच्याकडे शाळेच्या प्रकल्पाचा हिरवा जिलेटीन कागद असेलच. बल्बवर लावा, बाकी अंधार करा.

हौदवाला · औसा · १५ मे, रात्री १०:००

केलं. त्याच सात माद्या, हिरवा उजेड, परत २८ खेपा. १५ शेंद्र्या, १३ ताक्या.

मी काही बोलत नाही. शंकासूरनी बोलावं.

शंकासूर · धाराशिव · १५ मे, रात्री १०:०९

आकडे लहान आहेत, कागद किती रंग अडवतो माहीत नाही, पण मी अजून पाव हरलो. पोरीला माझ्याकडून एक पुस्तक. पत्ता निरोपात कळवा.

रंगीत_टाकी · छत्रपती संभाजीनगर · १६ मे, सकाळी ११:००

हिरव्या उजेडावरून आठवलं. गिऱ्हाईक तक्रार करतात, "टाकीत पाणी हिरवं झालं आणि माशांनी जोड लावायची सोडली." मी आजवर त्याला पाण्याची घाण समजत होतो.

शेवाळ · परभणी · १६ मे, रात्री ८:३०

दुकानातल्या टाकीचं कारण घाण पाणीही असू शकतं. पण सरोवराच्या मापावर हे झालेलं आहे. आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड कुळातल्या शेकडो जाती होत्या. चिलापी याच कुळातली. त्यात अगदी जवळच्या जाती, एकीचा नर निळा, दुसरीचा लालसर, आणि माद्या आपापला नर रंगावरून ओळखायच्या. किनाऱ्यावरची झाडं गेली, शेतातली माती आणि सांडपाणी सरोवरात उतरलं, पाणी गढूळ झालं. ओले सीहाउजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं की जिथे पाणी गढूळ तिथे नरांचे रंग मळकट आणि जातींची संख्याही कमी. निळा कोण, लाल कोण हेच दिसेना, मग दोन जाती एकमेकींत मिसळत गेल्या. कुणी जाळं टाकून त्या संपवल्या नाहीत. मादीला दिसेनासं झालं, एवढ्यानं झालं.

गोदावरीचं, मांजराचं पाणी बघते तेव्हा मला हे आठवतं. आपल्या माशांवर असा अभ्यास कुणी करावा, ही माझी जुनी इच्छा. विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, स्पर्धा परीक्षा आहे."

नाथसागरचा_भोई · पैठण · १७ मे, सकाळी ७:१०

ताई, मरळीचं पण कुणी लिहा. मरळीचे नर-मादी दोघं मिळून पिल्लं राखतात. लालसर पिल्लांचा झुबका पाण्यावर वर-खाली करत असतो आणि आई-बाप खालून फिरतात. तिथं हात घातला तर चावते. असा जोडीदार मादीनं काय बघून निवडला असंल?

शेवाळ · परभणी · १७ मे, सकाळी ७:४०

दादा, बाप पिल्लं राखणार असला की मादीचे निकष बदलतात, एवढं इतर माशांवरून नक्की सांगता येतं. वाळूत राहणाऱ्या गोबी नावाच्या माशांच्या काही जातींत अंडी राखणारा नर माद्यांना जास्त पसंत पडतो. आधीच कुणाची अंडी ज्याच्या घरट्यात आहेत तो भरवशाचा, असं काहीसं. स्टिकलबॅकचे नर तर दुसऱ्याच्या घरट्यातून अंडी चोरून आणतात.

टिवल्या_बावल्या · नांदेड · १७ मे, सकाळी ८:०२

भाड्याची पोरं दाखवून सोयरीक! हे तर आमच्या गावात पण झालं नव्हतं.

हौदवाला · औसा · २५ मे, रात्री ९:००

एक नवं बघितलं. माद्यांत एक लहान आहे, धाकटी म्हणतो. पहिल्यापासून ती टिकल्याकडं जायची. परवा शेंद्र्याच्या बाटलीशेजारी थोरली होती, धाकटी दुसऱ्या बाजूनं ते बघत होती. थोरलीला काढली तर धाकटी सरळ शेंद्र्याकडं! दोनदा असं झालं.

शेवाळ · परभणी · २५ मे, रात्री ९:२०

नक्कल! १९९२ मध्ये ली डुगॅटकिनने गप्पींवर नेमकं हेच दाखवलं. दुसरी मादी ज्याच्याजवळ दिसली त्याच्याकडे बघणारी मादी वळते, आधीची पसंती सोडूनही. लहान माद्या मोठ्यांची नक्कल करतात, मोठ्या लहानांची करत नाहीत. पुढच्या प्रयोगात त्याने नरांच्या शेंदरी रंगातला फरक मोजला. थोडाथोडका फरक असेल तर नक्कल जिंकते. फरक ४० टक्क्यांपर्यंत गेला की मादी कुणाचं ऐकत नाही, रंगाकडेच जाते.

टिवल्या_बावल्या · नांदेड · २५ मे, रात्री ९:२६

एकीनं पैठणी घेतली की गल्लीभर पैठण्या. सिद्ध झालं.

जोगाईची_लेक · अंबाजोगाई · २५ मे, रात्री ९:३१

आणि एकानं बुलेट घेतली की गल्लीभर फटफट. ते कोण करतं?

हौदवाला · औसा · ११ जून, रात्री ८:४५

वाईट बातमी. पहिल्या पावसाच्या रात्री शेंद्र्या उडी मारून पेटीबाहेर पडला. झाकण मीच ठेवलं नव्हतं. पोरगी दोन दिवस बोलली नाही.

थोरलीला मात्र मेच्या शेवटी वेगळ्या बरणीत ठेवली होती, पोट मोठं दिसत होतं म्हणून. ५ जूनला तिला १७ पिल्लं झाली.

हौदवाला · औसा · ६ जुलै, रात्री ९:१०

शेवाळताई, हे काय आहे? थोरली बरणीत एकटी. नर म्हणून कुणी नाही, शेंद्र्या मरून महिना होत आला. आज सकाळी परत पिल्लं. १४ मोजली.

शेवाळ · परभणी · ६ जुलै, रात्री ९:२५

मी एप्रिलमध्ये लिहिलं होतं, बीज साठवते. त्रिनिदादच्या नद्यांत असे नर सापडले आहेत ज्यांची पिल्लं त्यांच्या मरणानंतर काही महिन्यांनी जन्मली. ही १४ शेंद्र्याची असू शकतात, टिकल्याची असू शकतात, हौदातल्या एखाद्याची तर फेब्रुवारीपासून साठवलेली असू शकतात.

नर पिल्लांना दोन-एक महिन्यांत रंग येईल. गप्पीचे बरेचसे रंग बापाकडून थेट मुलाकडे जातात, मुलींकडे नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९२० च्या सुमारास हे शोधलं, ते याच माशावर. तेव्हा ठिपक्याची जागा बघून बाप ओळखता येईल, बऱ्यापैकी.

हौदवाला · औसा · ३० ऑगस्ट, रात्री ९:५०

पहिल्या वेतातल्या १७ पैकी ११ जगली. त्यात सहा नर. तिघांना शेंद्र्याच्याच जागी शेंदरी ठिपका. दोघांना काळ्या टिकल्या. लक्तऱ्याची फाटकी शेपटी कुणालाच नाही, त्यावरून पोरीनं शंकासूरना निरोप दिलाय की फाटकं वारशानं येत नाही.

सहावा कुणासारखाच नाही. निळसर पट्टा आणि शेपटीजवळ पिवळा डाग. पेटीतल्या चौघांत असा कुणी नव्हता. हौदात कधी होता का, आम्ही वरून बघायचो, कसं कळणार? त्याचं नाव अजून ठेवलं नाही.

टिवल्या_बावल्या · नांदेड · ३० ऑगस्ट, रात्री ९:५३

"शेजारी" ठेवा.

जोगाईची_लेक · अंबाजोगाई · ३० ऑगस्ट, रात्री ९:५८

काही नको. थोरलीला ठाऊक आहे, तेवढं पुरे. हौदवाले, आमच्या गच्चीवरच्या टाकीत अळ्या झाल्यात. तुमच्याकडची दहा-बारा मिळतील का?

हौदवाला · औसा · ३० ऑगस्ट, रात्री १०:०४

घेऊन जा ताई, बरणी घेऊन या. हौद दुरुस्त झालाय, बाकीचे उद्या परत सोडणार.

शेवाळ · परभणी · ३० ऑगस्ट, रात्री १०:१५

टाकीत, हौदात सोडा. नदीत, ओढ्यात, तळ्यात मात्र नको. गप्पी परका आहे, आपल्या बारक्या माशांची अंडी-पिल्लं खातो. आणि नेताना माद्या जास्त न्या.